माझ्या नावाची मूठ

श्रावण लागला की आमच्या देवपुरातल्या गिरण्या धुऊन निघतात. एरवी ज्वारी, बाजरी, हळद, जे येईल ते दळणारा गिरणीवाला नागपंचमी झाली की एक दिवस सगळं काम थांबवतो, गिरणी झाडून पुसून लख्ख करतो आणि दारावर खडूने लिहितो, ‘आज फक्त रोटांचे दळण’. मग दारासमोर डब्यांची रांग लागते. पितळेचे डबे, स्टीलचे डबे, तुपाचा जुना पत्र्याचा डबासुद्धा. ओल्या सिमेंटचा आणि गव्हाचा एक मिसळलेला वास गल्लीभर पसरतो. पाऊस मात्र असेलच असं नाही. आमच्याकडे श्रावणातले ढग सोनगीरच्या किल्ल्यापर्यंत येतात, जरा टेकतात आणि पुढे निघून जातात. लोक म्हणतात, येईल. मीही म्हणते, येईल.

यंदा महिनाभराची रजा काढून घरी आले आहे. घर म्हणजे आबा आणि मी. आई जाऊन बरीच वर्षं झाली. येताना माझ्याबरोबर एक प्रश्न आला आहे आणि श्रावण संपायच्या आत त्याचं उत्तर द्यायचं आहे. अरबी समुद्रातल्या एका लहानशा प्रवाळबेटावर विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. तिथे मी आधी शिकायला गेले, मग दर वर्षी काही महिने शिकवायला जात राहिले. आता ते म्हणतात, कायमची या. तिथल्या प्रशिक्षणाची सगळी जबाबदारी घ्या. दुसरीकडे जळगावच्या एका कॉलेजात पर्यावरणशास्त्राची जागा निघाली आहे, सकाळच्या एसटीने गेलं तर संध्याकाळी आबांच्या हातचा चहा प्यायला परत. हे सगळं मी आबांना आल्या दिवशीच सांगितलं. ते म्हणाले, “बरं.” बस, एवढंच. पाटबंधारे खात्यात जन्मभर कारकुनी केलेला माणूस, फायलीवर शेरा मारायचा नसेल तर ती कशी बाजूला सरकवायची ते त्यांना चांगलं ठाऊक आहे.

खान्देशाबाहेरच्या माणसाला रोट समजावून सांगायला बसलं की माझी दर वेळी फजिती होते. अहो, कानबाई ही आमची देवी. कुणाच्या घरी ती थाटात बसते, नारळाला डोळे-नाक लावून, नथ घालून, गाण्यांच्या गजरात. आमच्यासारख्यांच्या घरी नुसते रोट होतात. घरात जेवढे पुरुष तेवढ्या नावांनी सव्वा सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे, त्याचे जाड रोट करायचे, बरोबर खीर, गंगाफळाची भाजी, कटाची आमटी. आणि मग खरी गंमत. हे रोट घराबाहेर जात नाहीत. शेजाऱ्याला नाही, मित्राला नाही, कितीही जिवाभावाचा असो. सासरी गेलेल्या लेकीलाही नाही, ती दुसऱ्या घरची झाली. घरच्यांनीच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. घराघराची रीत थोडी वेगळी, पण आमच्यात ही अशी. मोठ्या खटल्याच्या घरात दोन पंगतींत फडशा पडतो. आमच्यासारख्या घरात माणसं कमी पडतात.

घरात पुरुष एकटे आबाच. मी जन्मले त्या वर्षी त्यांनी स्वतःची मूठ घेतली आणि नंतर माझ्या, म्हणजे उजूच्या, नावाची घेतली. शिंदखेड्याहून आलेले चुलत आजोबा, सगळे त्यांना नाना म्हणायचे, ते भडकले. पोरीची मूठ कोण धरतं? आबा म्हणाले, “मी धरतो.” शेवटी नानांनीच तोडगा काढला, “धर बाबा. सासरी जाईपर्यंत धर.” ही गोष्ट मला अक्काने इतक्यांदा सांगितली आहे की ती मी पाहिल्यासारखी वाटते. पुढे माझं लग्न काही जमलं नाही, नंतर मीच तो विषय बंद केला, आणि सासरी जाईपर्यंत धरायची ती मूठ तशीच चालू राहिली. भाऊबंदांत यावर कुजबुज होते. मला त्या मुठीचा, खोटं कशाला बोलू, फार अभिमान होता.

अक्का म्हणजे आबांची मोठी बहीण. मागच्याच गल्लीत राहते, तिचा मुलगा सुरतेला. आई गेल्यापासून आमचे रोट तीच थापते. पहाटे येते, ओल्या लुगड्याने करते, एकही रोट करपू देत नाही. आणि जेवायच्या वेळी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाट टाकून वेगळा वरणभात खाते. ती दुसऱ्या घरची ना. लहानपणी मी तिला विचारायचे, अक्का, तू का नाही खात? ती हसून म्हणायची, “मन्हा वाटा मन्हा घर शे.” माझा वाटा माझ्या घरी आहे. तिच्या सासरी रोट कधीच होत नव्हते, हे मला मोठेपणी कळलं.

बेटावरचा माझा पहिला श्रावण मला असा अधूनमधून आठवत नाही, तो दर श्रावणात येतोच. तिथे कुणाला श्रावण ठाऊक नव्हता. पाऊस मात्र भरपूर, आमच्या वर्षभराचा तिथे एका आठवड्यात पडून जायचा. समुद्र खवळलेला, बोट बेभरवशाची, आली तर आली. बेट एवढंसं की सायकलवरून निघालं आणि गाणं गुणगुणायला लागलं तर गाणं संपायच्या आत दुसरा किनारा. आणि नारळ! बाई गं, पायात येणारे नारळ. जिकडेतिकडे गडगडत पडलेले. आमच्याकडे ज्याला नथ घालून पाटावर बसवतात त्याला तिथली पोरं फुटबॉलसारखी लाथ मारत होती. पहिल्या दिवशी माझा हात आपसूक कपाळाकडे गेला. बरोबरचे प्रशिक्षणार्थी विचारत होते काय झालं, आणि मला हसू आवरेना.

बेटाचा कारभार पर्यावरणाला धक्का न लावता कसा चालवायचा, हे आम्हाला तिथे शिकवत होते. म्हणजे मुख्यतः दोन गोष्टी: पाणी आणि कचरा. पाण्याच्या पहिल्याच वर्गात माझं खान्देशी डोकं उघडं पडलं. सरांनी विचारलं, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी कमी पडायला लागलं तर काय कराल? मी सगळ्यात आधी हात वर केला. “खोल करायची!” आमच्याकडे दुसरं उत्तरच नाही. विहीर आटली, खोल करा. पुन्हा आटली, आडवं बोअर मारा. दगड फोडत जा, पाणी खालीच असतं. वर्ग हसला. सर हसले नाहीत, मला बाहेर घेऊन गेले आणि एका विहिरीत वाकून बघायला लावलं. माणूस-दीड माणूस खोल, पाणी हाताला येईल इतकं वर. ते म्हणाले, हे गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतंय. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि समुद्राच्या पाण्यावर पातळ थर धरून राहतं. खोल गेलात, की खारं वर येतं. मोटार लावून जोरात उपसलंत, तरी येतं. मग ती विहीर गेली.

मी संध्याकाळी आबांना फोन लावला. रेंज फक्त धक्क्याजवळच्या भिंतीपाशी यायची, तिथे छत्री धरून उभं राहायचं. आबांना मी सगळं सांगितलं. आयुष्यभर कालव्यांचे आणि विहिरींचे कागद हाताळलेला माणूस, त्यांना कौतुक वाटेल असं वाटलं. ते आधी तेच म्हणाले जे मी म्हणाले होते, “मग खोल करा की!” मग नीट ऐकून घेतलं. “म्हणजे वरवरचंच घ्यायचं,” ते म्हणाले. “हो आबा. हळूहळू, थोडं थोडं.” “आणि आत हात घालायचा नाही.” “नाही.” “मग अवघड आहे गं,” ते म्हणाले. एवढं बोलून त्यांनी विषय बदलला, पांझरेच्या पुलावर काम निघालंय, रस्ता वळवलाय, वगैरे.

दिवस कामात जायचा. विहिरीत वायरला बांधलेलं यंत्र हळूच सोडायचं, कुठल्या खोलीवर खारेपणा सुरू होतो ते टिपायचं, पुढची विहीर. बेटावरच्या मुली बरोबर यायच्या, त्यांना शिकवता शिकवता मीच शिकत होते. संध्याकाळ मात्र अंगावर यायची. मी जिच्या घरी राहत होते ती कुंजीबी, साठीतली बाई, फार चांगली. पण तिची भाषा मला येईना, माझी तिला. मोडकं हिंदी दोघींच्या मध्ये. चार शब्दांपुढे आम्ही दोघी हात हलवायला लागायचो. मला तर वेगळीच भूक लागली होती. कुणीतरी अहिराणीत बोलावं. कुणीतरी नुसतं “काय वं, जेवनी का?” एवढं विचारावं. एकदा एका विहिरीत वाकून मीच म्हटलं, “काय वं, कशी शे?” आत माझाच आवाज घुमला. बरोबरच्या मुली खिदळल्या, मीही खिदळले.

त्या वर्षी रोटांच्या रविवारी मुसळधार पाऊस होता. मी सकाळपासून गृहीत धरून होते की यंदा आबांनी एकच मूठ घेतली असणार. खाणारी घरात नाही, पाठवता येत नाही, मग दळायचे कशाला? हिशेबी माणूस. तरी विचारलं. आबा म्हणाले, “तुझी घेतली ना. न घ्यायला काय झालं?”

“अहो पण खाणार कोण?”

“मी आहे ना.”

“तुम्हाला साखर आहे आबा!”

“असू दे. रोटात कुठं साखर असते.”

मागून अक्काचा आवाज आला, फोनच्या जवळ येऊन ती ओरडतच होती, “सांग त्याले! दोन माणसंस्ना रोट एकटा खाई ऱ्हायना. तू काय पोरगा शे का रे?” मला हसू आलं. वारा इतका होता की छत्री उलटी झाली. पौर्णिमेपर्यंत आबांनी रोज संध्याकाळी मला फोनवर सांगितलं, आज अर्धा संपवला. आज कडक झाला होता, दुधात भिजवला. आज तुझा शेवटचा. मी तिकडे भिंतीला टेकून भिजत ऐकायचे. सत्तरी ओलांडलेला माणूस रिकाम्या घरात बसून लेकीचा वाटा चावतोय, कारण तो दारापलीकडे जाऊ द्यायचा नाही आणि टाकायचाही नाही. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आणि इतकं कुणाचं तरी असल्यासारखंही नाही, हेही सांगून टाकते.

त्या शेवटच्या फोननंतर मी कुंजीबीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. डोळे लाल दिसले असतील. तिने विचारलं नाही, पुढ्यात गरम भात आणि माशाची आमटी ठेवली. मी हातवारे करत रोटांची गोष्ट सांगितली. तिला काय समजलं देव जाणे. ती म्हणाली, “बाप को इधर बुलाओ ना.” मी म्हटलं, नहीं आएगा. घर छोड़के नहीं आएगा. ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, “मेरा बच्चा लोग भी बोलता है, मम्मा इधर आओ. मैं भी नहीं जाती.” तिची तिन्ही मुलं मुख्य भूमीवर. तिचं घर, विहीर, माड इथे. आम्ही दोघी जेवलो. एकीचा बाप तिकडे, दुसरीची लेकरं तिकडे, आणि मध्ये न सुटणारी बोट.

कचऱ्याच्या तासाला सर एक प्रश्न नेहमी विचारायचे. बोटीने जे येतं ते जातं कुठे? बाटल्या, डबे, बॅटऱ्या, तुटलेल्या खुर्च्या. मोठ्या गावात आपण म्हणतो, टाकलं. म्हणजे दुसरीकडे नेऊन ठेवलं. बेटाला दुसरीकडे नसतं. जे आलं ते तिथेच राहणार, कुणीतरी त्याचं काहीतरी करेपर्यंत. मी हे आता मुलांना शिकवते आणि शिकवताना दर वेळी आमच्या घराचं चित्र डोळ्यांपुढे येतं. आबांचं आईशिवायचं आयुष्य, माझं न झालेलं लग्न, न बोललेली बोलणी, काहीच बाहेर गेलं नाही. सगळं घरातच आहे. आम्ही दोघं त्याच्या कडेकडेने, न बोलता, चहा पितो.

आता यंदाचं सांगते. रजेचे दिवस चालले होते आणि आबा त्या विषयावर अक्षर बोलत नव्हते. मी रोज नवा डाव टाकून बघायचे. जळगावला आज एसटीने जाऊन आले, रस्ता बरा झालाय हो आबा. “हो का.” केंद्रातून आज पुन्हा फोन होता. “हं.” आबा, तुम्हाला काय वाटतं? “मला वाटतं गवार जून आहे, निवडून घे.” छे! मला राग यायचा, मी भांडी आपटायचे. खरं सांगायचं तर मला जायचं होतं. तिथल्या विहिरींची वर्षानुवर्षांची मोजमापं माझ्या हातून झाली होती, ज्या मुली आधी खिदळायच्या त्या आता मला चुका दाखवत होत्या. ते काम माझं होतं. आणि मला जायचं नव्हतंही. आबांच्या गुडघ्यांचा आवाज खोलीतून ऐकू येतो आता. मला एवढंच हवं होतं की त्यांनी एक शब्द बोलावा. जा म्हणा, नाहीतर थांब म्हणा. माझ्या डोक्यावरचं ओझं कुणीतरी उचलावं, मग ते खाली कुठेही ठेवलं तरी चालेल.

काल शनिवारी सकाळी आबा अंघोळ करून सोवळ्याने गव्हाच्या डब्यापुढे बसले. मी चटई टाकून समोर. अक्का दाराला टेकून. दर वर्षी आम्ही तिघं असेच. आबांनी देवाचं नाव घेतलं, स्वतःच्या नावाची मूठ सुपात टाकली, वरची पाव मूठ टाकली. हात झटकला. आणि डब्याचं झाकण लावलं.

मला वाटलं विसरले. अक्कालाही तेच वाटलं. “भाऊ, उजूनी मूठ ऱ्हायनी,” ती म्हणाली.

“नाही राहिली,” आबा म्हणाले. मग तिच्याकडे बघून, माझ्याकडे न बघता, “तिनं घर आते तठे शे.”

मला क्षणभर कळेना. मग कळलं, माझं घर आता तिकडे, असं ते म्हणत होते, आणि डोक्यात सणक गेली. “आबा, मला विचारलंत? मी अजून काही ठरवलेलं नाही!”

“इतके दिवस तूच विचारतेस ना मला,” ते म्हणाले. सूप त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं. “माझ्या तोंडाकडे बघत बसतेस रोज. मला काय दिसत नाही? जायचं आहे तुला. मी थांब म्हटलं तर थांबशील. म्हणून नाही बोललो.”

“मग आत्ता का?”

“आत्ता दळायला द्यायचं आहे,” ते म्हणाले आणि उठले. उठताना गुडघा वाजला. सुपातले गहू छोट्या डब्यात ओतून ते स्वतःच गिरणीवर गेले. एका मुठीचं दळण, त्याला ओझं ते काय. मी चटईवरच बसून राहिले. अक्का झाडू घेऊन खाली सांडलेले गव्हाचे दाणे गोळा करत राहिली.

आज रविवार. दुपारी आबांचं पान देवापुढे मांडलं गेलं. रोट, खीर, गंगाफळाची भाजी. घरात तूप-वेलचीचा वास भरला होता, बाहेर ऊन होतं. मी सवयीने त्यांच्या बाजूला पाट टाकायला गेले. आबांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. त्यांचे डोळे भरले होते, पण मान त्यांनी नीट हलवली.

मी स्वयंपाकघरात आले. अक्का कोपऱ्यात तिच्या वरणभाताच्या पानावर बसली होती. शेजारी दुसरं पान आधीच मांडलेलं होतं. ती पाटावरून थोडी सरकली.

“ये, बठ मन्हा जोडे,” ती म्हणाली. मी बसले. तिने माझ्या पानात भात वाढला, वर वरण घातलं, तूप घातलं, माझ्या रडण्याकडे अजिबात लक्ष न देता.

“पहिला वरीस जड जास वं,” ती म्हणाली. “खाय आते, भात थंडा व्हई जाई.”